बारा पोरं आणि एक पेला

ऑगस्ट महिना म्हातारी माणसं आणि रोड गाई घेऊन जातो, असं आमच्या पाराग्वायमध्ये म्हणतात. मी शाहत्तर वर्षांचा आहे आणि अंगाने रोड आहे. त्यामुळे जुलै सरत आला की माझी बायको एदेल्मिरा बाजारात गाय जोखावी तशी मला पुढून-मागून बघून घेते आणि म्हणते, "म्हाताऱ्या, अजून एक चिपा खा." चिपा म्हणजे आमचा चीज घातलेला पाव.

यंदा मात्र मी ऑगस्टला भीत नव्हतो. मला भीती होती न्या दियोनिसियाची. आमच्याकडे मानाच्या बाईच्या नावाआधी 'न्या' लावतात. हिच्या नावाला ते बहुधा बारशालाच चिकटलं असावं. ती वस्तीतल्या छोट्या चर्चच्या कमिटीची अध्यक्षा. चर्चच्या मागच्या खोलीची किल्ली तिच्या गळ्यात, क्रूसाशेजारी. त्या खोलीत मी रोज दुपारी बारा पोरांना वाचायला शिकवतो. फुकट. चाळीस वर्षं पगार घेऊन शिकवलं, आता पगाराशिवाय शिकवतो, आणि खरं सांगायचं तर पगारातली पोरं जांभया जास्त द्यायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आमच्याकडे हिवाळा लागताच, दक्षिणेचा गार वारा सुटला आणि वर्गात खोकला शिरला. मी फळ्यावर एक अक्षर काढायचो, आणि मागून बारा सुरांत खोकला यायचा. कोणाचा कोरडा, कोणाचा ओला, लिसान्द्रोचा तर म्हाताऱ्या बैलासारखा. आयांकडे यावर एकच उपाय होता: कोपऱ्यावरचा औषधवाला विल्दो. खोकला म्हटलं की विल्दो कागदात अँटिबायोटिकच्या दोन सुट्या कॅप्सूल बांधून द्यायचा. खोकला आणि ताप म्हटलं की चार. विल्दो मनाने वाईट नाही. माझाच विद्यार्थी. बेरीज उत्तम होती. वजाबाकीची त्याला कधी गोडी नव्हती.

पण माझ्या वर्गात नेलिदा आहे. सात वर्षांची, समोरचे दोन दात नसलेली, आणि माझ्या साऱ्या आयुष्यात मी पाहिलेल्या वाचणाऱ्या पोरांत सगळ्यात हावरी. औषधाच्या खोक्यावरचं, तेलाच्या डब्यावरचं, दिसेल ते वाचते. मागच्या हिवाळ्यात ती अकरा दिवस इस्पितळात होती. फुप्फुसात जंतू गेले होते, आणि नेहमीचं औषध त्यांना लागूच पडेना. शेवटी राजधानीहून दुसरं औषध मागवावं लागलं. त्या अकरा दिवसांत मी रोज तिच्या खाटेशेजारी बसून वाचून दाखवायचो आणि ती डोळे मिटून ऐकायची. ती जे ऐकते आहे ते तिला पुन्हा कधी वाचता येईल का, हे मला ठाऊक नसायचं.

तेव्हा तिथल्या डॉक्टरीण मिर्ना मला म्हणाल्या होत्या, "मास्तर, जंतू फार हुशार विद्यार्थी असतात. गरज नसताना घेतलेलं प्रत्येक औषध म्हणजे त्यांची एक शिकवणी. मग एक दिवस ते पास होतात."

माझ्या वस्तीत, माझ्या नाकासमोर, दुसरंच कोणी शिकवणी चालवतंय, तीही सुट्या कॅप्सूलवर! हे मला मास्तर म्हणून लागलं. आजोबा म्हणून त्याहून जास्त लागलं, जरी नेलिदा माझी नात नाही.

जूनच्या मध्याला न्या दियोनिसिया वर्गाच्या दारात उभी राहिली. बारा खोकले तिने एका दमात ऐकले.

"मास्तर, पोरं इथून अक्षरं कमी आणि खोकला जास्त घरी नेतात. आया माझ्या दारात येऊन रडतात. मी एक ऑगस्टपर्यंत बघते. तोवर हे थांबलं नाही तर किल्ली बिंगोचा खेळ भरवणाऱ्यांना, ते खोली मागतातच आहेत. कायमची."

"थांबेल," मी म्हणालो.

एका शब्दात माणूस किती मोठ्या खड्ड्यात पडू शकतो याचं हे उदाहरण मी पुढे वर्गात देणार आहे.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मिर्नाबाईंकडे गेलो; त्या आता वस्तीच्या आरोग्य केंद्रात असतात. मला वाटलं होतं त्या एखादं नवं यंत्र सांगतील. त्या म्हणाल्या, "खिडक्या उघडा. हात साबणाने धुवा, वीस आकडे मोजेपर्यंत. खोकला आला की कोपरात तोंड खुपसा. ज्याला त्याला स्वतःचा पेला. जो आजारी तो घरी. आणि फ्लूची लस द्यायला मी स्वतः येते."

"एवढंच?"

"एवढंच करून दाखवा, मास्तर," त्या म्हणाल्या. त्या का हसल्या, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. "आणि ताप उतरेना किंवा पोराचा श्वास भरभर चालायला लागला, तर मात्र विल्दोकडे नाही, सरळ माझ्याकडे."

खिडक्यांपासून सुरुवात केली. खोलीला चार खिडक्या आहेत. मागच्या उत्सवाला कमिटीने खोली निळी रंगवून घेतली होती, आणि रंगाऱ्याने भिंत कुठे संपते नि खिडकी कुठे सुरू होते याची चौकशी न करता सगळंच एकजीव करून टाकलं होतं. मी पटाशी आणि हातोडी घेऊन बसलो. बघायला अर्धी वस्ती जमली. सगळ्यांत पुढे माझा मित्र कान्तालिसियो, आयुष्यभर न्हावी, आता निवृत्त. पण जीभ अजून धार लावलेली.

"उघडू नकोस," तो म्हणाला. "वाऱ्याच्या झोताने तोंड वाकडं होतं. माझ्या चुलतभावाचं झालं."

"तुझ्या चुलतभावाचं तोंड लग्नानंतर वाकडं झालं."

"वारा तेव्हाच लागला असेल."

तिसऱ्या ठोक्याला पहिली खिडकी उघडली. पाचव्याला दुसरी. तिसरी आणि चौथी एकदम उघडल्या, आणि चौथीची झडप मला सोडून पेरूच्या झाडात जाऊन बसली. उघडल्या त्या अशा उघडल्या की पुन्हा बंद होईनात. टाळ्या वाजल्या. त्या माझ्यासाठी होत्या की झडपेसाठी, यावर मी विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी आयांनी पोरं पाठवली ती गाठोडी करून. लिसान्द्रोच्या अंगावर तीन स्वेटर, त्यावर आजोबांचा पोंचो, त्यावर मफलर. मी फळ्यावर कोपराचं चित्र काढलं, खोकला कसा कोपरात ठेवायचा ते करून दाखवलं. पोरांना फार आवडलं. ज्यांना खोकला नव्हता त्यांनीही तो आणला. पण लिसान्द्रोचं कोपर वाकेना. त्याला खोकला आला की तो दोन्ही हात पसरून, वाऱ्यावर सोडलेल्या पतंगासारखा, नुसता गोल फिरायचा. शेवटी शेजारच्या नेलिदाने मोठ्या मनाने आपलं कोपर त्याच्या तोंडासमोर धरलं.

"नेलिदा, ज्याचा खोकला त्याचं कोपर!"

"पण मास्तर, त्याचं बंद आहे."

उदारपणा आणि आरोग्य यांचं भांडण सोडवणं फार अवघड असतं. मी लिसान्द्रोचे दोन स्वेटर काढले. संध्याकाळी त्याची आई ते स्वेटर हातात धरून माझ्या दारात आली आणि माझ्या पोटी मूल नाही म्हणून मला थंडी कळत नाही, असं एदेल्मिराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. ते मी गिळलं. काही गोष्टी गिळायला कॅप्सूलपेक्षा जड असतात.

मग हात धुणं. खोलीला नळ नाही. वस्तीच्या पाणी समितीकडे अर्ज करायला गेलो. खिडकीतल्या कारकुनाने छापील कागद पुढे केला. त्यावर तीन चौकोन: घर, दुकान, वाहनं धुणे.

"मला पोरांचे हात धुवायचे आहेत," मी म्हणालो.

"पोरं तिथे राहतात?"

"नाही."

"तिथे काही विकतात?"

"मुळीच नाही."

"मग वाहनं धुणे."

"अहो, वाहनं नाहीत, पोरं आहेत!"

"मास्तर," कारकून थकलेल्या मायेने म्हणाला, "काही तरी धुणारच आहात ना? मग धुण्यावर खूण करा. चौथा चौकोन मी कुठून आणू?"

मी धुण्यावर खूण केली. अर्ज पुढच्या बैठकीत जाणार होता. पुढची बैठक कधी, हे मागच्या बैठकीत ठरायचं होतं, आणि मागची बैठक अध्यक्षांना सर्दी झाल्यामुळे झालीच नव्हती. मी त्यांना कोपराबद्दल निरोप पाठवला. उत्तर आलं नाही.

वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही. एदेल्मिराचा तेलाचा रिकामा डबा घेतला, तळाशी भोक पाडलं, भोकात काटकी खोचली, आणि डबा पेरूच्या झाडाला टांगला. काटकी ओढली की पाणी, खोचली की बंद. पोरांना वीसपर्यंत मोजायला सांगितलं. लिसान्द्रो एक, दोन, पाच, वीस असं मोजायचा. त्याला हात आणि आकडे दोन्ही पुन्हा धुवायला लावले. महिन्याभरात तो वीसपर्यंत सरळ मोजायला शिकला. ते दोन वर्षांत माझ्याकडून झालं नव्हतं.

साबण मात्र टिकेना. खोबरेल साबणाची वडी सकाळी ठेवावी, दुपारी गायब. मी पोरांवर नजर ठेवली, मग आयांवर, मग, देव मला क्षमा करो, पाद्रीबुवांवर. चौथ्या दिवशी चोर सापडला: कान्तालिसियोचा कुत्रा मारिस्काल. चर्चच्या पायरीवर बसून फेसाळ तोंडाने ढेकर देत होता. त्याला बघून वस्तीत कुत्रं पिसाळल्याची ओरड झाली, आणि अर्धा तास सगळे झाडांवर होते. मी सोडून. मला झाडावर चढता येत नाही, म्हणून मी शूर ठरलो.

साबण उंच टांगायला हवा होता. जाळीदार, पाणी निथळणारं, ओढता येणारं काहीतरी. घरात शोधलं. एदेल्मिराचा रविवारचा लांब मोजा अगदी योग्य होता. त्यात वडी घातली, वर गाठ मारली, आणि चर्चच्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकवला.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर पाद्रीबुवा माझ्याजवळ आले. बाजूला न्या दियोनिसिया, तिच्या बाजूला साठ माणसं.

"मास्तर," पाद्रीबुवा हळू आवाजात म्हणाले, "देवाच्या भिंतीवर बाईचा मोजा का लोंबतो आहे?"

"त्यात साबण आहे, फादर."

"तुम्ही सांगताय म्हणून मी ऐकून घेतो."

तेवढ्यात नेलिदा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तो मास्तरांच्या बायकोचाच आहे! दुसऱ्या कोणाचा नाही!"

माझी बाजू इतक्या तळमळीने यापूर्वी कोणी मांडली नव्हती, आणि त्याने माझं इतकं नुकसानही झालं नव्हतं. घरी आल्यावर एदेल्मिरा उरलेला मोजा माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाली, "हाही घेऊन जा. एका पायाने मी कुठे जाऊ?" तेव्हापासून आमच्या हात धुण्याला दोन मोजे आहेत.

आता पेल्याचं. पोरांचं सोपं होतं: बारा पत्र्याचे पेले, बारा खिळे, खाली बारा नावं. नावं पोरांनीच लिहिली. वाचता येण्याचा हाही एक फायदा. पण पोरांना स्वतःचा पेला सांगणारा मी रोज सकाळी काय करत होतो? कान्तालिसियोच्या आंब्याखाली चौघा म्हाताऱ्यांत तेरेरे पीत होतो. शिंगाचा एक पेला, त्यात येर्बाची पानं आणि गार पाणी, त्यात धातूची एक नळी. पेला फिरतो, नळी फिरते, आणि सगळ्यांच्या तोंडातून वस्तीच्या बातम्या फिरतात. तीस वर्षं असंच.

मी स्वतःचा पेला आणि नळी घेऊन गेलो. कान्तालिसियोने बघितलं. हातातला थर्मास खाली ठेवला.

"हे काय?"

"डॉक्टरीण म्हणाल्या..."

"तीस वर्षं मी तुझी थुंकी प्यालो," तो म्हणाला. "आता माझी तुला कडू लागली?"

"अरे, हिवाळ्यापुरतं. पोरांसाठी."

"पोरं आहेत का इथे? इथे मी आहे."

तो उठून आत गेला. मी एकटाच आपल्या पेल्यातून आपलं तेरेरे प्यालो. एकट्याने प्यायलेलं तेरेरे म्हणजे नुसता भिजलेला पाला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेना. मारिस्कालही बोलेना, पण त्याचं कारण साबण होतं.

आणि एवढं सगळं करून, वीस जुलैला, खोकला कोणाला व्हावा? मला.

सकाळी घसा खवखवला. मी स्वतःला सांगितलं, हा खोकला नव्हे, खाकरणं आहे. दुपारी वर्गाच्या दाराशी पोचलो आणि आत पाऊल टाकणार तोच एकदा, फक्त एकदाच, खोकलो. अर्थात कोपरात. नेलिदा उठून दारात आली. हात आडवे पसरले.

"मास्तर, घरी जा."

"हे खाकरणं होतं, बाळ."

तिने फळ्याकडे बोट दाखवलं. फळ्यावर माझ्याच अक्षरात, रंगीत खडूने, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: जो आजारी तो घरी.

"'जो' म्हणजे सगळे ना, मास्तर?"

चाळीस वर्षांत मला वर्गाबाहेर काढणारी ती पहिली. मी मान ताठ ठेवून घरी गेलो. मान ताठ होती कारण घसा दुखत होता.

घरी एदेल्मिराने विल्दोला आधीच बोलावलं होतं. त्याच्या हातात कागदाची पुडी.

"मास्तर, फक्त दोन," विल्दो म्हणाला. "तुम्ही माझे गुरू. तुम्हाला तसंच सोडून मी झोपू कसा?"

"माझ्या छातीत काय आहे ते तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग या कॅप्सूल कोणासाठी आहेत? माझ्यासाठी की तुझ्या झोपेसाठी?"

एदेल्मिरा मध्ये पडली. "म्हाताऱ्या, बारा दिवसांवर ऑगस्ट आलाय! गाई तर आपल्याकडे नाहीत, मग तो काय घेऊन जाणार?" तिचे डोळे भरले होते. इतके दिवस माझ्यावर हसणारी ती घाबरली होती, हे मला तेव्हा दिसलं. मी तिचा हात धरून आरोग्य केंद्रात गेलो. मिर्नाबाईंनी नळी लावून पुढून-मागून ऐकलं, एदेल्मिराच्या कानालाही नळी लावली.

"छाती स्वच्छ आहे. मध, गरम पाणी, आराम. सहा-सात दिवस. बिघडलं तर लगेच या."

एदेल्मिरा परत येताना म्हणाली, "आत तर नुसतं ढब ढब वाजतंय." ते हृदय होतं. ते चालू असल्याचा तिला बराच धीर आला.

पाचव्या दिवशी मला घरात बसवेना. मी खुर्ची घेऊन पेरूच्या झाडाखाली, खोलीपासून पंधरा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलो. चारही खिडक्या उघड्या. बंद व्हायच्याच नव्हत्या. तिथून मी ओरडून धडा सांगायचो आणि आत नेलिदा फळ्यावर लिहायची. येणारे-जाणारे थांबायचे. मास्तर झाडाला शिकवतात असं दोन दिवस वस्तीत चाललं. तिसऱ्या दिवशी लिसान्द्रोची आई रस्त्यात थांबली, धडा संपेपर्यंत ऐकलं, आणि जाताना गुपचूप पोंचो माझ्या गुडघ्यांवर टाकून गेली.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वर्गात खोकला उरला तो दोघांचा, आणि दोघंही बरे होईपर्यंत घरी राहिले, ऑगस्टच्या आत परत आले. मी चमत्काराच्या गोष्टी सांगणार नाही. लिसान्द्रोला मध्यंतरी तापाने गाठलं, श्वास भरभर चालू लागला. आईने त्याला सरळ मिर्नाबाईंकडे नेलं. त्याला अँटिबायोटिकची खरोखर गरज होती. बाईंनी दिलं, आणि आईने घड्याळ लावून, सांगितलं तितके दिवस पाजलं. चार दिवसांत पोरगा पुन्हा बैलासारखा हसू लागला. विल्दोची सुटी पुडी मात्र महिन्याभरात एकाही पोराच्या पोटात गेली नव्हती.

पण किल्ली अजून न्या दियोनिसियाच्या गळ्यात होती, आणि एक ऑगस्ट उजाडला.

एक ऑगस्टला आम्ही पाराग्वायची माणसं काय करतो, तर उपाशीपोटी उसाच्या दारूत सतापाचा कडू पाला आणि लिंबू भिजवून पितो. तीन घोट. म्हणजे तो महिना आपल्याला उचलत नाही. याला कोणी नाही म्हणत नाही. डॉक्टर पितात, पाद्री पितात, विल्दो तर पावती न देता पितो. आमच्या वस्तीत ती दारू न्या दियोनिसिया करते, तिच्या आजीच्या कृतीने, आणि चर्चच्या अंगणात सगळ्यांना पाजते. तिच्या आजीच्या पेल्यातून. एकाच.

मी अंगणात पोचलो तेव्हा सगळी वस्ती रांगेत होती. बारा पोरं भिंतीशी उभी होती, त्यांच्यासाठी लिंबू-सतापाचं साधं पाणी वेगळ्या घागरीत होतं. रांगेत पहिला मान सर्वांत म्हाताऱ्याचा. म्हणजे माझा. न्या दियोनिसियाने काचेचा तो छोटा जाड पेला भरला आणि पुढे धरला. गळ्यातली किल्ली पेल्यावर टणकन वाजली.

आता बघा. घेतला तर माझ्यामागून साठ तोंडं त्याच काठाला लागणार, त्यांत लिसान्द्रोचे आजोबा, नेलिदाची आई. आणि बारा जोडी डोळे माझ्याकडे. नाही घेतला, तर किल्ली. दीड महिना मी खिडक्या फोडल्या, कुत्र्यापासून साबण राखला, बायकोचे मोजे टांगले, ते एका घोटात गिळायचं की नाही, एवढाच प्रश्न.

मी खिशातून माझा शिंगाचा पेला काढला.

"न्या दियोनिसिया, यात ओता."

रांगेतली मागची माणसं बघायला पुढे सरकली.

"माझ्या आजीच्या पेल्यात विष आहे का, मास्तर?"

"नाही. औषध आहे. म्हणूनच मला माझ्या वाटणीचं हवंय. गुण सतापात आहे की काचेत?"

"शंभर वर्षं हा पेला फिरतोय!" तिचा आवाज चढला. "माझ्या आजीने सगळ्या वस्तीला यातून..." आणि इथे तिला खोकला आला. चांगला, खोलवरचा, कधीचा दाबून धरलेला. पेला तोंडासमोर होता.

"कोपरात!" बारा पोरं एका सुरात ओरडली.

सवय वाईट. न्या दियोनिसियाचा हात आपोआप वाकला आणि तिने कोपरात तोंड खुपसलं. महिनाभर खिडकीखालून जाता-येता तीही धडा ऐकत होती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. तिला स्वतःलासुद्धा.

नेलिदा पुढे झाली. "किती दिवस झाले, न्या दियोनिसिया?"

"चार," ती पुटपुटली.

"जो आजारी तो घरी," नेलिदा म्हणाली, मग जरा विचार करून, "पण आधी ओतून जा."

कोणीतरी हसलं. न्या दियोनिसियाने हातातला पेला फिरवून फिरवून पाहिला.

"आजीकडे पेलाच एक होता," ती हळूच म्हणाली. "लढाईनंतर घरात दुसरं भांडंच नव्हतं. तिच्याकडे आणखी असते, तर तिने सगळ्यांना वेगवेगळे दिले असते. शेवटपर्यंत लाजायची ती, पाहुण्याला उष्टा पेला द्यावा लागतो म्हणून."

मग रांगेतून कान्तालिसियो बाहेर आला. माझ्याकडे न बघता त्याने कोटाच्या खिशातून आपला शिंगाचा पेला काढला आणि माझ्या पेल्याशेजारी धरला.

"मला यात ओता," तो म्हणाला. "या गाढवाची थुंकी मी तीस वर्षं प्यालो. एक हिवाळा सुट्टी."

माणसं घरोघर पळाली आणि कप, वाट्या, झाकणं, काय मिळेल ते घेऊन आली. विल्दोने औषध मोजायचा छोटा कप आणला. त्यात फार कमी मावतं म्हणून त्याला तीनदा रांगेत उभं राहावं लागलं. न्या दियोनिसियाने तोंडाला मफलर बांधून, साबणाने हात धुऊन, वीसपर्यंत मोजून, सगळ्यांना ओतलं. दोन्ही मोजे वापरले. शेवटी आजीचा पेला धुऊन पुसून तिने वर्गातल्या बाराव्या खिळ्याशेजारी, फळीवर ठेवला.

"किल्ली?" मी विचारलं.

"कमिटी ठरवेल," ती मफलरातून म्हणाली. "पण कमिटीची सभा अध्यक्षेशिवाय होत नाही, आणि अध्यक्षा आजारी. जो आजारी तो घरी." तिने गळ्यातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "बरी झाले की बघू."

बरी होऊन तिला आता सहा आठवडे झाले. सभा अजून झालेली नाही. मी आठवण करून देणार नाही.

नळ सप्टेंबरात आला. समितीने त्याच्यावर पत्र्याची पाटी ठोकली: वाहनं धुण्याचे ठिकाण. परवा एक माणूस खरोखरच चिखलाने भरलेली मोटार घेऊन दाराशी आला आणि हॉर्न वाजवू लागला. नेलिदाने खिडकीतून मान काढून पाटी वाचली, मोटार बघितली, ड्रायव्हरचे हात बघितले.

"आधी तुम्ही या," ती म्हणाली. "साबण मोज्यात आहे. वीसपर्यंत मोजता येतं ना? नाहीतर लिसान्द्रो शिकवेल."